आळंदीला शिकलो नाही
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात भुईगाव येथे झालेले भाषण)





आत्ता मास्तरांनी आमची ओळख करून दिली. त्यात ते म्हणाले, महाराजांनी आळंदीला चार वर्षं अध्ययन केलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मास्तरांचा यात काही दोष नाही. त्यांच्या हातात सप्ताहाची जुनी पत्रिका होती, तिच्यात तसंच छापलेलं आहे. पण ते खरं नाही. आम्ही आळंदीला चार वर्षं शिकलो नाही. चार महिनेसुद्धा शिकलो नाही. दिंडीला शंभर वर्षं झाली, त्या मांडवात उभं राहून एवढंच सांगायचं म्हणून आम्ही आज बोलायला होकार दिला. हे कीर्तन नव्हे, म्हणून अभंग लावत नाही. सरळ बोलतो.

आमचं शिक्षण चौथी. गावच्या शाळेत. चौथीनंतर वडिलांनी वाडीत घातलं. केळीला पाणी सोडायचं, लोंगर उतरवायचे, पहाटेच्या गाडीनं माल घेऊन जायचं. एकदा बाजारात व्यापाऱ्याच्या मोजण्यात चूक झाली आणि एका लोंगराचे पैसे जास्त आले. घरी येऊन हिशोब केला तेव्हा कळलं. वडील दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्या गाळ्यावर गेले आणि पैसे परत देऊन आले. आम्ही म्हणालो, "त्याला तर कळलंही नव्हतं." वडील म्हणाले, "त्याचं ते त्याचं. आपल्या हातात आलं म्हणून आपलं होत नाही." तेव्हापासून पैशाच्या बाबतीत आम्ही कुणाचं चार आणे ठेवले नाहीत. त्याचा आम्हाला अभिमानही होता. पण मंडळी, पैसा जास्त आला तर परत करणारे आम्ही, मान जास्त आला तेव्हा मात्र तो मुकाट ठेवून घेतला. पंचवीस वर्षं ठेवला.

तो कसा आला ते सांगतो.

आपल्याकडे आषाढात भातलावणी, त्यामुळे आपल्या दिंडीचा ओढा पहिल्यापासून कार्तिकीकडे. कार्तिक वद्य एकादशीला शेजारी निर्मळची यात्रा भरते, शंकराचार्यांच्या समाधीला माणूस लोटतं, सुकेळी विकायला बसतात, आणि त्याच एकादशीला आळंदीची यात्रा असते. गावातली निम्मी माणसं निर्मळला, निम्मी आळंदीला. ऐन विशीत एका वर्षी आम्ही दिंडीबरोबर आळंदीला गेलो आणि मागं राहिलो. दीड महिना एका धर्मशाळेत पाणी भरलं, लाकडं फोडली. संध्याकाळी कुठं प्रवचन असलं की मागं जाऊन बसायचं. एवढंच आमचं आळंदीचं अध्ययन. पुढं वाडीतून निरोप आला, केळी लावायची आहे, तसे परत आलो.

मग बरीच वर्षं गेली. कीर्तन करायला लागलो होतो. एका गावच्या सप्ताहाची पत्रिका छापायची होती. चिटणीस हातात पेन घेऊन बसलेले. त्यांनी विचारलं, "महाराज, शिक्षण कुठं झालं?" त्यांच्या मनात कीर्तनाचं शिक्षण. आमच्या तोंडावर चौथी आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "आळंदीला होतो." बघा, खोटं बोललो नाही. होतोच आळंदीला. त्यांनी लिहिलं, 'आळंदी येथे अध्ययन'. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावानं ती पत्रिका समोर ठेवून आपली केली. त्यांना वाटलं, आळंदीला शिकले म्हणजे चार वर्षं शिकले असणार, तिथला क्रमच चार वर्षांचा. त्यांनी 'चार वर्षे' घातलं. तिसऱ्या गावानं तेच उतरवलं. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणाला काही खोडायलाही सांगितलं नाही. पत्रिका हातात आली की आपलं नाव बघायचो, घडी घालून खिशात ठेवायचो.

आळंदीत जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं मुलं घरदार सोडून राहतात. पहाटे उठून पाठांतर, ज्ञानेश्वरी, गाथा, गायन, मृदंग. माधुकरी मागून शिकलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यांनी जे कष्टानं मिळवलं ते आम्ही एका गिळलेल्या शब्दावर अंगावर घातलं. सप्ताहात आम्हाला पहिल्या दिवशीचं कीर्तन असायचं ते शेवटच्या दिवशीचं झालं. काल्याचं कीर्तन म्हणजे मान काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. बिदागी आम्ही कधी घेतली नाही. म्हणून मनाला समजवायचो, आपण यातून काही कमावत नाही, मग पाप कसलं? पण नारळ आणि शाल घेताना मान किंचित वर व्हायची. तीच कमाई.

आता मुख्य गोष्ट. आम्ही आळंदीला शिकलो नाही, तर मग शिकलो कुठं?

आपल्या दिंडीत एक बाबा होते. इथल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आठवत असतील. मिठागरात काम करायचे. त्यांचं नाव दिंडीच्या जुन्या वहीत विणेकऱ्यांच्या यादीत आहे, इथं आम्ही बाबाच म्हणतो, जन्मभर तेच म्हटलं. बाबांना अक्षर ओळख नव्हती. अंगठा लावायचे. पण शेकड्यांनी अभंग तोंडपाठ, हरिपाठ झोपेत म्हणायचे, आणि कुठल्या अभंगाला कुठली चाल, कुठं थांबायचं, कुठं अर्थ उघडायचा, सगळं त्यांच्या आजोबांकडून कानानं आलेलं. आम्ही चौदा-पंधरा वर्षांचे असताना संध्याकाळी वाडीतलं काम संपलं की मिठागराच्या बांधावर जायचो. पाऊस संपला की तिथलं काम सुरू. भरतीचं पाणी आत घ्यायचं, कुंडीत पसरू द्यायचं, ऊन त्याचं काम करतं, मग लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायचं. बाबा मीठ ओढत म्हणायचे, आम्ही बांधावरून मागं म्हणायचो.

एकदा आम्ही घाईनं अभंग म्हणून टाकला. बाबांनी फळी थांबवली. म्हणाले, "कुंडीत पाय कसा ठेवायचा माहीत आहे का? घाईनं टाकलास की तळचा चिखल उठतो आणि मीठ काळं पडतं. शब्द तसा ठेव. खालचा चिखल उठू देऊ नको." आज लोक म्हणतात, महाराजांचा उच्चार स्वच्छ, एकेक शब्द सुटा. तो आळंदीचा नव्हे, तो मिठागराचा आहे. दहा-बारा वर्षं बाबांनी शिकवलं. गुरुदक्षिणा म्हणून एकदा आम्ही धोतरजोडी नेली तर म्हणाले, "मला एक आहे, दुसरं काय करू?"

त्या बाबांच्या समोर काय झालं ते ऐका. शेजारच्या एका गावी काला होता. बाबा तेव्हा ऐंशीच्या घरात, पण हट्टानं आले आणि टाळकऱ्यांच्या ओळीत उभे राहिले. अध्यक्षांनी ओळख करून दिली. आळंदीला चार वर्षं, म्हणूनच वाणी इतकी शुद्ध, म्हणूनच पाठांतर इतकं पक्कं. आम्ही बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून टाळेची दोरी बांधत होते. बांधलेलीच होती, तरी बांधत होते. माइक आमच्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं, 'हे समोर उभे आहेत त्यांनी शिकवलं.' नाही बोललो. जयजयकार घेतला आणि कीर्तन सुरू केलं. बाबांनी दोन तास टाळ धरली.

परत येताना रात्री मिठागराच्या कडेनं दोघे चालत आलो. बाबा म्हणाले, "तिसऱ्या चरणाला चाल चढवलीस, दम पुरला नाही. खाली घेत जा." एवढंच. घराच्या दारात आल्यावर म्हणाले, "आळंदीचं नाव मोठं आहे बाबा. जपून वापर." आम्ही त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला, की बाबांची हरकत नाही. त्यांना वाईट वाटलं का, हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

दोन वर्षांनी बाबा गेले. दशक्रियेला कीर्तन आम्हीच केलं. कीर्तन संपल्यावर एक गृहस्थ जवळ आले, डोळ्यांत पाणी होतं, म्हणाले, "म्हाताऱ्याचं भाग्य मोठं, त्याच्या दहाव्याला आळंदीचा कीर्तनकार उभा राहिला." तेव्हासुद्धा आम्ही हात जोडले आणि गप्प बसलो. मंडळी, त्या दिवशी आम्ही बाबांना दुसऱ्यांदा पोचवलं.

आपल्या किनाऱ्याला विहिरींचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. गोड्या पाण्याचा उपसा वाढत गेला की समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं. पहिल्या दिवशी कळत नाही. पाणी दिसायला तेच, बादलीत तेवढंच निर्मळ. आधी चहाची चव बदलते, मग डाळ शिजेना होते, मग केळीच्या पानाच्या कडा जळायला लागतात, तेव्हा माणूस विचारतो, हे खारं झालं कधी? आमचं तसं झालं. आपलं नसलेलं कौतुक आम्ही उपसत राहिलो. आत काय शिरतंय ते दिसलं नाही. पुढं पुढं आम्ही नवीन पोरांना म्हणू लागलो, "आळंदीच्या शिस्तीत असं चालत नाही हां." म्हणजे आधी दुसऱ्यांचा गैरसमज, मग आमचाच.

आपल्या संतांच्या कथांत हा प्रसंग आहे, आणि तो कामाच्याच जागी घडलेला आहे. आम्ही त्या दोन्ही कथा शेकडो वेळा कीर्तनात सांगितल्या. सांगणाऱ्याला मात्र ऐकू आल्या नाहीत. ताहराबादच्या महिपतीबुवांनी भक्तविजयात त्या लिहून ठेवल्या आहेत.

सेना न्हावी. राजाची हजामत हे त्यांचं काम. एके दिवशी पूजेत बसले, बोलावणं आलं, गेले नाहीत. पांडुरंग सेनांचं रूप घेऊन, धोपटी काखेत मारून गेला आणि राजाची सेवा करून आला. राजाला वाटीतल्या तेलात चतुर्भुज रूप दिसलं. राजा इतका खूश की धोपटीत नाणी टाकली. नंतर सेना भीत भीत दरबारात गेले, तर शिक्षा राहिली बाजूला, राजा कौतुकच करतोय. आता विचार करा. सेनांनी काय करायला हवं होतं? काही नाही. नुसतं गप्प राहायचं. नोकरी टिकली असती, मान वाढला असता, कुणाला कळलंही नसतं. त्यांनी सांगितलं, सकाळी आलो तो मी नव्हे.

दुसरे मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बेदरच्या बादशहाच्या चाकरीत. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली, तेव्हा पंतांनी सरकारी धान्याची कोठारं लुटवली. बादशहानं पकडून आणायला माणसं धाडली. पंत वाटेत असतानाच पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला, धान्याची किंमत भरली आणि पावती घेतली. पंत दरबारात पोचले तर बादशहा उठून सामोरा आला. तुमच्या विठूनं सगळी रक्कम पोचती केली, म्हणाला. ज्याची मान उडायची त्याचा सत्कार होतोय. इथंही नुसतं मान डोलवली असती तर भागत होतं. पंत म्हणाले, मी कुणाला पाठवलं नाही. पुढं चाकरी सोडली आणि पंढरीची वाट धरली.

आम्ही या कथा सांगायचो त्या देव भक्तासाठी कसा राबतो हे दाखवायला. ते तर आहेच. पण दोघेही ते बोलले का, हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. आता असं वाटतं, गप्प राहिले असते तर देवाची सेवा त्यांच्या नावावर जमा झाली असती. कौतुक हवेतून येत नाही. कुणीतरी राबलेलं असतं. ते कौतुक आपल्याकडे चुकून आलं, याचा अर्थ ज्याचं आहे त्याच्याकडे ते पोचलं नाही. सेनांनी पांडुरंगाचं ठेवून घेतलं नाही. आम्ही मिठागरातल्या म्हाताऱ्याचं ठेवून घेतलं.

आणि आपल्या संप्रदायात तर नाव सांगायचीच रीत आहे. माउलींनी नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, तिचं श्रेय जागोजाग निवृत्तिनाथांना दिलं, आणि उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचंही नाव ग्रंथात राहिलं. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. पुढं ज्ञानेश्वरीत लोकांनी आपलं आपलं मिसळलं, तेव्हा नाथबाबांनी १५८४ साली प्रत शुद्ध केली आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. महिपतीबुवांनीही सांगितलं की हे माझ्या मनचं नाही, आधीच्या ग्रंथकारांच्या आधारानं लिहिलं आहे. इतकी थोर माणसं नाव सांगताना लाजली नाहीत आणि आम्ही लाजलो. का लाजलो तेही सांगतो. बाबा मिठागरात काम करायचे म्हणून. आळंदी म्हटलं की लोक उठून उभे राहतात, मिठागर म्हटलं की नाही राहत, असा आमचा हिशोब. हे कबूल करताना फार जड जातं.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं गेली, आज का आठवलं? त्याला एक पोरगा कारण झाला. गेल्या कार्तिकीला आळंदीत रात्री धर्मशाळेत झोपायची तयारी चालली होती. आपल्या दिंडीतला पखवाज वाजवणारा पोर, नाव घेत नाही, लाजेल. गळा चांगला, अर्थाची समज चांगली. आम्ही त्याला म्हणालो, "अरे, तू कीर्तनाला उभा राहा आता." तो म्हणाला, "मी कसा राहू महाराज? तुमचं वेगळं. तुम्ही आळंदीला चार वर्षं शिकलात. आमच्या घरात कोण शिकलेलं आहे? आजा मिठागरात, बाप मिठागरात. मला चार वर्षं घर सोडता येणार नाही. मी आपला पखवाजच धरतो."

आम्ही पडलो, पण झोप लागेना. ज्या बांधावर आम्हाला कीर्तन मिळालं, त्याच बांधावरचं हे पोर म्हणतं की कीर्तन आपल्यासाठी नाही. आणि हे त्याला शिकवलं कुणी? आमच्या खिशातल्या घडी घातलेल्या पत्रिकांनी. त्याला वाट माहीत असती, पण ती वाट आम्हीच मागून पुसत आलो होतो. पहाटे काकड्याच्या आधी त्याला उठवलं, इंद्रायणीवर नेलं आणि सगळं सांगितलं. वाटलं, पोराचा आमच्यावरचा भाव उतरेल. थोडा उतरलाही असेल. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे बाबा अंगठेबहाद्दर होते आणि तुम्ही चौथी?" आम्ही हो म्हणालो. तो म्हणाला, "मग मी तर दहावी आहे." आणि हसला. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी तो आमच्याकडे येतो. मिठागराचा बांध आता पहिल्यासारखा राहिला नाही, वाडीतच बसतो.

घरी परतल्यावर आम्ही एका सप्ताहाच्या अध्यक्षांकडे गेलो आणि म्हणालो, ते चार वर्षांचं काढून टाका, ते खरं नाही. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, हा तुमचा मोठेपणा." आणि पत्रिकेत तेच छापलं, वर 'विनयशील' असा शब्द जोडला. म्हणजे गैरसमज निस्तरायला गेलो तर त्यातून नवीन कौतुक. म्हणून आज सर्वांसमोर सांगतो. हा विनय नाही. मोठेपणा तर नाहीच. वडिलांनी गाळ्यावर जाऊन पैसे परत दिले तसं हे आहे. उशिरा दिलं, एवढाच फरक. कृपा करून यावर टाळ्या वाजवू नका.

तरुणांना एक सांगणं. तुम्ही कुणी ऑफिसात, कुणी कारखान्यात, कुणी रिक्षावर, कुणी दवाखान्यात कामाला जाता. दुसऱ्यानं केलेल्या कामावर साहेब तुमची पाठ थोपटतील. दवाखान्यात मदतनीस असणाऱ्या मुलीला पेशंट डॉक्टर म्हणेल. गवंड्यानं बांधलेली भिंत बघून लोक मुकादमाला शाबासकी देतील. घरात सुनेनं केलेल्या स्वयंपाकाला पाहुणे सासूच्या हाताची चव म्हणतील. तिथल्या तिथं, पहिल्या वेळीच, दोन शब्दांत सांगून टाका, 'मी नव्हे, तो.' भाषण करू नका. पहिल्या वेळी त्याला काही लागत नाही, हसण्यावारी जातं. दुसऱ्या वेळी थोडं अवघड. दहाव्या वेळी आधीच्या नऊ वेळा का गप्प होतास याचंही उत्तर द्यावं लागतं. आणि पंचवीस वर्षांनी ज्याचं नाव सांगायचं तो माणूसच ऐकायला राहत नाही.

शेवटची विनंती शताब्दी ग्रंथाच्या मंडळींना. आमच्या परिचयात असं छापावं: शिक्षण चौथी, व्यवसाय शेती, कीर्तनाचे शिक्षण भुईगावच्या मिठागराच्या बांधावर. आणि त्याखाली बाबांचं नाव, विणेकऱ्यांच्या यादीत आहे तसं, पूर्ण. फोटो कुणाकडे असेल तर द्यावा. आमच्याकडे नाही. काढायचं कधी सुचलं नाही. नसेल मिळत तर जागा कोरी ठेवा, पण आमचा फोटो त्या जागी लावू नका.

बोलताना कमीजास्त झालं असेल तर लेकरू समजून पोटात घाला. आज हरिपाठाला त्या पोराला पुढं उभं करा. आम्ही मागं टाळ धरतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.